त्रिनिदादच्या मैदानावरील संध्याकाळ

वाचकहो, वय वाढले की पहाटे लवकर जाग येते, ही तक्रार आपल्या घरोघरी ऐकू येते. साडेपाचच्या सुमारास आपण चहाचे आधण ठेवता, तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर, आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात. दोन्हीकडच्या घड्याळांत साडेनऊ तासांचे अंतर आहे. फुटबॉलचा हंगाम सुरू असेल तर त्या वेळी तेथील एखाद्या मैदानावर पंचाची शिट्टी वाजते आणि संध्याकाळचा दुसरा सामना सुरू होतो. पहिला सामना पाहून काही मंडळी घरी गेलेली असतात, काही जागेवरच बसून असतात, आणि कामावरून सुटलेली काही नुकतीच येऊन पोचलेली असतात. जगाच्या क्रीडावार्तांत या सामन्याची दोन ओळींचीही बातमी होत नाही. तरीही आज या लहानशा साखळी स्पर्धेच्या हंगामातून आपण एक फेरफटका मारणार आहोत. कारण ज्येष्ठांच्या आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांच्या दृष्टीने तेथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हे दोन बेटांचे राष्ट्र. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून त्रिनिदाद अवघे अकरा किलोमीटरांवर आहे. आकाराची कल्पना हवी असेल तर गोवा डोळ्यांपुढे आणावा. हा देश गोव्याहून काहीसा मोठा, आणि लोकसंख्या जवळपास गोव्याएवढीच, म्हणजे सुमारे चौदा लाख. हवामानही आपल्या कोकणी माणसाला परके वाटणार नाही. जानेवारी ते मे कोरडा काळ, जून ते डिसेंबर पावसाळी. बारा महिने घाम आणि बारा महिने हिरवळ.

आपल्यापैकी ज्यांची उमेदीची वर्षे १९७१ च्या आसपासची आहेत, त्यांना राजधानी पोर्ट ऑफ स्पेनचे नाव वेगळ्या कारणाने पाठ असेल. त्या वर्षी मार्चमध्ये तेथील क्वीन्स पार्क ओव्हलवर अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडिजला कसोटीत प्रथमच हरवले. दिलीप सरदेसाईंचे शतक आणि पदार्पण करणाऱ्या सुनील गावसकरांची दोन अर्धशतके त्याच सामन्यातली. पुढे एप्रिलमध्ये त्याच मैदानावर गावसकरांनी एका सामन्यात १२४ आणि २२० धावा काढल्या, त्या दाताच्या असह्य ठणक्यासह. लॉर्ड रिलेटर या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणे रचले आणि मुंबईचा एक तरुण त्या बेटावर घराघरांत पोचला. (दातदुखी अंगावर काढण्याचा कित्ता मात्र वाचकांनी गिरवू नये.) त्या ओव्हलपासून फुटबॉलचे राष्ट्रीय मैदान जवळच आहे. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावण्याचे सुवर्णपदक जिंकून देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देणाऱ्या हेझली क्रॉफर्ड यांचे नाव त्याला दिले आहे.

या मैदानाने एक मोठे दुःख पाहिले आहे. १९ नोव्हेंबर १९८९ रोजी येथे अमेरिकेविरुद्ध विश्वचषक पात्रतेचा शेवटचा सामना झाला. यजमानांना केवळ बरोबरी पुरेशी होती. सारा देश लाल कपडे घालून आला होता, आणि सरकारने दुसऱ्या दिवशीची सुट्टी आधीच जाहीर करून ठेवली होती. पूर्वार्धात पॉल कॅलिजुरी या अमेरिकन खेळाडूने लांबून मारलेला एक चेंडू जाळ्यात गेला. तेवढा एकच गोल. सामना संपला, आणि इतक्या जवळ येऊन हरलेल्या त्या गर्दीने ना दगड उचलला, ना पाहुण्यांना शिव्या दिल्या. जागतिक महासंघाने त्या वर्षीचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार त्रिनिदादच्या प्रेक्षकांना दिला. संघाऐवजी प्रेक्षकांना पुरस्कार मिळावा, ही गोष्ट मला त्या देशाची खरी ओळख वाटते.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, तेथे व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. गुणी मुलांना देशात राहून खेळावर पोट भरता यावे, हा तिचा साधा हेतू. पहिले विजेतेपद सैन्यदलाच्या ‘डिफेन्स फोर्स’ संघाने मिळवले. पुढच्या वर्षांत ‘डब्ल्यू कनेक्शन’, ‘सॅन हुआन जाब्लोटे’, ‘जो पब्लिक’, ‘सेंट्रल एफ.सी.’ अशी नावे विजेत्यांच्या यादीत येत राहिली. डब्ल्यू कनेक्शनकडून खेळलेला केनविन जोन्स २००४ मध्ये इंग्लंडमधील साउथॅम्प्टनला गेला. १६ नोव्हेंबर २००५ रोजी, त्या लाल रविवारानंतर जवळजवळ सोळा वर्षांनी, डेनिस लॉरेन्सच्या एका गोलाने बहारीनला हरवून त्रिनिदाद विश्वचषकाला पात्र ठरले. तोवर पात्र ठरलेल्या देशांत लोकसंख्येने सर्वांत लहान. २००६ साली जर्मनीला गेलेल्या त्या संघात जाब्लोटेचे काही खेळाडू होते. पहिल्याच सामन्यात दहा खेळाडूंनिशी स्वीडनला गोलशून्य बरोबरीत रोखले, तेव्हा गोलरक्षक होते शाका हिस्लॉप. वय सदतीस. आधी ठरलेला गोलरक्षक सरावात जखमी झाल्याने ते ऐन वेळी उभे राहिले होते. फुटबॉलमध्ये सदतीस म्हणजे निवृत्तीच्या पलीकडचे वय, हे नातवंडांना विचारून पाहावे.

एवढ्यावरून ही स्पर्धा श्रीमंत असेल असे समजू नका. देश लहान, प्रेक्षक थोडे, पुरस्कर्ते त्याहून थोडे. खाजगी मालकांचे संघ उमेदीने उभे राहिले आणि मालकाचा हात आखडताच बसले. जो पब्लिकने २००८ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड संघाला त्यांच्याच घरी जाऊन हरवले, परतीच्या सामन्यात चार गोलांनी लोळवले, आणि काही वर्षांतच तो संघ स्पर्धेतून नाहीसा झाला. सेंट्रलने लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवली. ते वैभवही फार टिकले नाही. टिकले कोण? सैन्यदल, पोलीस, आणि आता तुरुंग विभागाचाही संघ. या संघांतील खेळाडूला महिन्याचा सरकारी पगार असतो, म्हातारपणी निवृत्तिवेतनाची आशा असते. गोल कोणी किती केले यापेक्षा पगार कोणाचा वेळेवर झाला, हे या स्पर्धेच्या गुणतक्त्याचे एक न छापलेले पान आहे. गोमंतकीय वाचकांना यात आपल्या संघांची कहाणी दिसेल. धेंपो, साळगावकर यांसारखे नामवंत संघ २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा मडगावच्या मैदानावरही अशाच रिकाम्या संध्याकाळी आल्या होत्या.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ पाहू. तिथे सूर्य वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, म्हणून पहिला सामना उन्हे उतरता उतरता आणि दुसरा दिव्यांच्या उजेडात, असा दोन सामन्यांचा जोड बहुधा एकाच मैदानावर असतो. सुमारे पंचवीस हजारांची सोय असलेल्या प्रेक्षकसज्ज्यात काही शे माणसे विखुरलेली दिसतात. ज्याला गर्दीची धास्ती आहे, रांगेत उभे राहवत नाही, ज्याची शौचालयाची निकड अवेळी येते, त्याने मोठ्या सामन्याला जाऊ नये असे आपण म्हणतो, आणि ते बरोबरही आहे. अशा छोट्या सामन्याला मात्र तो निश्चिंत जाऊ शकतो. पाय लांब करायला पुढची रांग रिकामी असते. मध्येच उठले तरी कोणाचा खेळ अडत नाही. आणि मैदानातील आरडाओरड इतकी स्पष्ट ऐकू येते की, कमी ऐकणाऱ्यालाही प्रशिक्षकाचा राग कळतो!

राजधानीतील हौशी माणसे सामन्याआधी क्वीन्स पार्क सव्हाना या विस्तीर्ण मोकळ्या मैदानाभोवती चालून येतात. हा फेरा सुमारे साडेतीन किलोमीटरांचा, सपाट, आणि संध्याकाळी चालणाऱ्यांनी भरलेला असतो. कडेला शहाळेवाले उभे असतात. शहाळ्याचे पाणी उत्तमच. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते रोजचे करू नये. हा नियम कोकणातल्या शहाळ्यालाही लागू आहे. उष्ण दमट हवेत वृद्धांना तहान उशिरा लागते, म्हणजे शरीराला पाण्याची गरज असूनही मन सांगत नाही. सोबतच्या माणसाने तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने दोन घोट पुढे करावेत. हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल तर तेवढेच.

मैदानाबाहेर ‘डबल्स’ची गाडी असते. मऊ तळलेल्या दोन पिवळ्या पुऱ्या, त्यांना तेथे ‘बारा’ म्हणतात, आणि त्यांवर रस्सेदार हरभरे, कैरीचा ‘कुचेला’, चिंच, काकडी. ‘बारा’ हा शब्द हिंदीतल्या ‘बडा’चा, म्हणजे आपल्या वड्याचाच भाऊ. गाडीवाला तिखट किती विचारतो. ‘स्लाइट’ म्हटले की थोडेच घालतो. हरभरा चांगला, तळलेली मैद्याची पुरी तितकीशी चांगली नाही. मधुमेह असणाऱ्याने एकावर थांबावे, आणि इन्सुलिन घेऊन आलेल्याने सामना संपेपर्यंत उपाशीही राहू नये. मधुमेह आणि रक्तदाब ही त्या बेटाचीही मोठी दुखणी आहेत. सरकारने दीर्घकालीन आजारांसाठी एक योजना चालवली आहे; तिच्यात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, काचबिंदू अशा आजारांची ठरावीक औषधे नागरिकांना विनामूल्य मिळतात. ज्येष्ठांना तेथील सरकारी बसमधून पासावर फुकट प्रवासही करता येतो, जसा आपल्या एस.टी.ने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून दिला आहे. घराबाहेर पडण्याची इच्छा पुष्कळदा तिकिटाच्या पैशांपाशी अडते, हे ज्यांनी आयुष्यभर हिशेब ठेवला त्यांना सांगायला नको.

हंगाम आजकाल पावसाच्या शेवटाकडे सुरू होऊन कोरड्या काळात संपतो, आणि त्याच्या वाटेत सारे सण येतात. दिवाळीची तेथे १९६६ पासून राष्ट्रीय सुट्टी आहे. बांबू वाकवून केलेल्या कमानींवर पणत्या लावतात. नाताळात ‘सॉरेल’ नावाचे लालभडक सरबत घरोघर होते. ते काय आहे म्हणाल तर आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचे, लवंग-दालचिनी घालून उकळलेले. अंबाडीची भाजी खाऊन वाढलेल्या आपल्या पिढीला हे नाते आवडेल. मग कार्निव्हल येतो आणि फुटबॉलला बाजूला सरावे लागते. राष्ट्रीय मैदानावरही गाण्याच्या जंगी मैफली होतात. कार्निव्हलचा थकवा उतरला की फगवा, म्हणजे होळी. चौताल गात अबीर उधळतात. तोवर गुणतक्त्याचे चित्र स्पष्ट झालेले असते. ज्यांचे काही उरलेले नाही असे संघही उरलेले सामने खेळतात. मला हे सामने विशेष आवडतात. विजेतेपद नाही, घसरण्याची भीती नाही, फक्त ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी मैदानावर यायचे असते.

राजधानीच्या पूर्वेस मकोया येथे एक छोटे मैदान आहे. जो पब्लिकचे ते घर होते. त्याचे नाव मार्व्हिन ली मैदान. सुवर्णपदक, विश्वविक्रम यांपैकी काहीही या नावामागे नाही. मार्व्हिन ली हा वीस वर्षांखालील राष्ट्रीय संघातला तरुण होता. २००१ मध्ये अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याशी त्याची टक्कर झाली आणि मानेच्या कण्याला इजा होऊन मानेखालचे सारे शरीर लुळे पडले. तो दोन वर्षे जगला. २००३ मध्ये त्याचे निधन झाले.

आपल्यापैकी जे घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करतात, त्यांना ‘दोन वर्षे’ या शब्दांचा अर्थ वेगळा कळेल. मानेपाशी कण्याला इजा झालेल्याला हातपाय हलवता येत नाहीत एवढेच नसते. छातीचे स्नायू दुबळे होतात, खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, आणि न्यूमोनियाची टांगती तलवार कायम राहते. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीवर, टाचांवर, माकडहाडावर लाली दिसते का पाहायचे, लघवीची नळी जपायची, जेवताना डोक्याकडची बाजू उंच ठेवायची. हे सारे दिवसाही आणि रात्रीही. कोणा खेळाडूच्या पराक्रमाच्या कथा सांगताना या पहाऱ्याचा उल्लेख कोणी करत नाही. त्या मैदानावर मात्र, स्पर्धेचा सामना असला की, पाटीवर ते नाव असते. चेंडूमागे धावणारी मुले त्या नावाखालून आत जातात. नाव देण्याचा निर्णय ज्या कोणी घेतला, त्याने एका पदकापेक्षा मोठी गोष्ट केली असे मी मानतो.

आणि मग एक दिवस सामने थांबले. मार्च २०२० मध्ये करोनाने सारे जग थांबवले, तसे त्रिनिदादही थांबले. देशाच्या सीमा सुमारे सोळा महिने बंद राहिल्या. त्याच महिन्यात फुटबॉल महासंघाचा कारभार जागतिक संघटनेने नेमलेल्या समितीच्या हाती गेला. वाद, कर्ज, न्यायालय असे सगळे ओघाने आले. अर्धवट राहिलेल्या हंगामाचे विजेतेपद डिफेन्स फोर्सला देऊन टाकले, आणि मैदानाचे दिवे विझले. साथ ओसरल्यावर शाळा उघडल्या, बाजार उघडले, कार्निव्हलही परतला. राष्ट्रीय साखळी मात्र तीन वर्षे नव्हती.

खेळाडूंचे नुकसान उघड होते. बावीस वर्षांच्या मुलाची तीन वर्षे म्हणजे कारकिर्दीचा तिसरा हिस्सा. प्रेक्षकाच्या नुकसानीची मोजदाद कोणी करत नाही, कारण त्याने काय गमावले? काही सामने, काही शेंगदाण्याच्या पुड्या. पण आपण स्वतःचे ते दिवस आठवून पाहा. भजनाचा गुरुवार, बागेतल्या बाकावरची सकाळ, ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला जाणे. हे बंद झाले तेव्हा आपल्याला भजन, झाड किंवा वर्तमानपत्र यांची उणीव फारशी भासली नव्हती. ती घरातही मिळत होती. उणीव होती ती ‘आज गुरुवार आहे, तयार व्हायला हवे’ या वाक्याची. दाढी करण्याचे, इस्त्रीचा सदरा घालण्याचे, जिना उतरण्याचे कारण गेले. ज्या गुडघ्यांना आठवड्यातून दोनदा जिना उतरायची सवय होती, त्यांची ती सवय सहा महिन्यांत मोडली, आणि साथ गेल्यावरही पुष्कळांचे गुडघे परतले नाहीत. वार लक्षात न राहणे ही विस्मरणाची सुरुवात म्हणून आपण घाबरतो. पण सातही वार सारखेच असतील तर ते लक्षात राहावेत तरी कशाने? जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाकीपणा आणि सामाजिक संबंध या विषयावर आयोग नेमला, तो यासाठीच.

मार्च २०२३ मध्ये त्रिनिदादमध्ये साखळी स्पर्धा नव्या नावाने पुन्हा सुरू झाली. सरकारी साहाय्य, जुन्या संघांपैकी काही, काही नवे, काही नावे कायमची गेलेली. खेळाचा दर्जा आधीइतका नाही असे म्हणणारे होते, आणि दिवे पुन्हा लागले यातच समाधान मानणारेही होते. मी दुसऱ्या पक्षात आहे.

येथे काळजीवाहकांशी थोडे बोलावेसे वाटते. आपल्या गावात त्रिनिदादची साखळी नसेल, पण जिल्हा संघटनेचे सामने, शाळांच्या स्पर्धा, कबड्डी, कुस्तीचा फड काहीतरी असतेच. वडिलांना किंवा सासऱ्यांना तेथे न्यायचे तर एक सामना पुरे. दोन सामन्यांचा जोड असेल तर पहिला पाहून उठावे, म्हणजे परतताना उजेड असतो आणि रात्रीच्या गोळ्यांची वेळ चुकत नाही. लघवी वाढवणारी गोळी सकाळची असेल तर संध्याकाळी त्रास होत नाही. दुपारची असेल तर वेळ बदलता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. आधार घ्यायला कठडा असलेली, पायऱ्यांच्या कडेची जागा निवडावी. सिमेंटच्या बाकावर घरची उशी न्यावी. दीड तास कठीण जागेवर बसल्यावर एकदम उठू नये, आधी पाय हलवावेत, क्षणभर थांबावे, मग उभे राहावे, कारण रक्तदाब उतरून घेरी येते ती त्याच क्षणी. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला गुणसंख्या लक्षात राहणार नाही. चालेल. हिरवळ आणि धावणारी मुले पाहण्यासाठी गुणसंख्या लागत नाही.

क्रिकेटच्या निमित्ताने किंवा मुलांबरोबर सहलीला म्हणून प्रत्यक्ष त्रिनिदादला जाणारे वाचक थोडे असतील, त्यांच्यासाठी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची. भारत सरकार त्रिनिदादची गणना पीतज्वराच्या प्रदेशात करते. तेथून परतताना पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र जवळ नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. ही लस सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते. साठीनंतर प्रथमच ही लस घेणाऱ्यांना गंभीर दुष्परिणामांचा धोका, दुर्मीळ असला तरी, तरुणांपेक्षा अधिक असतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. तिकिटे त्यानंतर काढावीत. प्रवास विमान बदलत बदलत चोवीस तासांहून अधिक होतो. पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून दर तासा-दोन तासांनी चालावे, पोटऱ्या हलवत राहाव्यात. तेथे डासांपासून जपावे, आणि अंधार पडल्यावर अनोळखी गल्ल्यांत भटकू नये. गुन्हेगारी हा त्या सुंदर बेटाचा खरा आणि गंभीर प्रश्न आहे. सामन्याला जायचे तर परतीचे वाहन आधी ठरवावे.

आणि गेलात तर मध्य त्रिनिदादमधील कूव्हा चुकवू नका. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ या जहाजाने पहिले भारतीय गिरमिटिये या बेटावर उतरले. पुढे बहात्तर वर्षे लोक येत राहिले, बहुतांश बिहार आणि उत्तर प्रदेशातून, उसाच्या मळ्यांवर राबायला. कूव्हा हा त्यांच्या वंशजांचा भाग. तेथे वडिलांच्या आईला ‘आजी’ म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना ‘आजा’. भोजपुरीतून गेलेला तो शब्द, पण मराठी कानाला तो आपल्याच ओसरीवरून आल्यासारखा वाटतो. २००३ मध्ये सरकारी साखर कंपनी बंद झाली आणि हजारो कामगार घरी बसले. पिढ्यान्‌पिढ्या ऊस तोडलेले हात एकाएकी रिकामे झाले. त्याच परिसरात, बालमेन येथे, अॅटो बोल्डन या धावपटूच्या नावाचे मैदान २००१ पासून उभे आहे, आणि हंगामातले बरेच सामने तेथे होतात. जवळच वॉटर्लू येथे समुद्रातले मंदिर आहे. शिवदास साधू नावाच्या एका मजुराने, जमिनीवर बांधलेले मंदिर पाडले गेल्यावर, समुद्र कोणाच्या मालकीचा नाही म्हणून पाण्यात भराव घालून, सायकलवरून सामान वाहून ते पुन्हा उभारले. मंदिर सकाळी पाहावे, दुपारी विश्रांती घ्यावी, आणि ऊन उतरल्यावर मैदानावर जावे.

सामना संपला तरी तेथील माणसे लगेच घरी जात नाहीत. गाड्यांच्या आसपास, शेंगदाणेवाल्याभोवती घोळके करून उभी राहतात. याला तेथे ‘लाइम’ म्हणतात. आपला पार, आपला कट्टा, तसेच ते. काम नसते, विषय ठरलेला नसतो, निघण्याची वेळ ठरलेली नसते. पंचाने नाकारलेला पेनल्टी, कोणाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, कोणाची मुलगी टोरांटोला गेली, अशा गोष्टी होतात. मैदानाचे दिवे एकेक करून मालवले जातात, तोवर कोणीतरी विचारतो की पुढचा सामना कुठे आहे; कोणीतरी मरॅव्हल सांगतो, दुसरा अरिमा म्हणतो, आणि तिसरा खिशातून वेळापत्रकाचा कागद काढून, चष्मा कपाळावरून खाली ओढून, तारीख वाचू लागतो.